जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सेस डिजिटलला लावणं : उपयोग आहे की नुसती हौस?

सांजवारा :
मंडळी, जरा सल्ला हवाय. मामाकडे एक झेनिट-ई कॅमेरा पडून होता, तो त्याने मला देऊन टाकला. शटर अडकतंय, पण लेन्स बरी दिसतेय. पुढच्या कडीवर रशियन अक्षरांत नाव आणि ५८, २ असे आकडे आहेत. शोधाशोध केल्यावर कळलं की ही हेलिओस ४४-२. नेटवर तिचे फोटो पाहिले आणि डोकंच फिरलं. मागची झाडं अक्षरशः गोल फिरताना दिसतात.

माझ्याकडे निकॉन डी ५६०० आहे. ऑनलाइन एम ४२ (म्हणजे या लेन्सच्या आट्यांची पद्धत) ते निकॉन अ‍ॅडॅप्टर, म्हणजे मध्ये बसवायच्या कड्या, भरपूर दिसतात, काहींत मागे छोटी काच आहे, काहींत नाही. कुठला घ्यावा? कॅमेऱ्याला काही इजा होईल का? आणि मुळात हा उद्योग करावा का? शिवाय टॉर्च मारून पाहिला तर आत कडेला बारीक पांढरे धागे दिसतात. ते काय असावं?

शटरतोड्या :
मी पयला. वाचनखूण साठवली आहे. आता जाणकारांची वाट बघत बसतो.

काचबिंदू :
धागे म्हणजे बुरशी. त्यावर कोकणातली मंडळी बोलतीलच, मी आधी अ‍ॅडॅप्टरचं सांगतो.

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स बसते ती कडी आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यात एक ठरलेलं अंतर असतं. लेन्स त्या अंतरावर असली तरच लांबचं दृश्य स्पष्ट येतं. झेनिट, प्रॅक्टिका, जुने पेंटॅक्स यांची आटे असलेली जी एम ४२ पद्धत, तिचं अंतर ४५.४६ मिमी. निकॉन एफचं ४६.५. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यावर लेन्स आधीच एक मिलिमीटरने पुढे जाते, वर अ‍ॅडॅप्टरची स्वतःची जाडी. सगळं धरून दोन मिमी समजा. ५८ मिमीची लेन्स दोन मिमी पुढे सरकली की रिंग कितीही फिरवा, पावणेदोन मीटरच्या पलीकडचं काही स्पष्ट येणार नाही. फुलं, किडे, ताटातली मिसळ, एवढंच.

काचवाल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये ती काच हा फरक भरून काढते. पण स्वस्तातली काच म्हणजे लेन्सच्या मागे दुसरी सुमार लेन्स लावणं. उघड्या अ‍ॅपर्चरला, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र पूर्ण उघडं असताना (एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), सगळं धुरकट होतं. मी तरी घेऊ नका म्हणेन.

कॅननच्या डीएसएलआरचं, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचं, अंतर ४४ मिमी, त्यामुळे तिथे दीड मिमीच्या साध्या कडीवर काम भागतं. आणि मिररलेसमध्ये आरसाच नसल्यामुळे मैदान मोकळं : सोनी ई १८ मिमी, फुजी एक्स १७.७, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. उरलेलं अंतर पोकळ नळीने भरायचं, काचेची भानगड नाही. जुन्या लेन्सेसचं हे सगळं वेड मिररलेस आल्यावर वाढलं ते म्हणूनच.

तिरपागडा :
सगळं खरं, पण मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर कुणी देत नाही म्हणून मीच देतो. करू नका. त्या पैशांत भर घालून निकॉनची ५० मिमी एफ १.८ जी घ्या, सेकंडहँडही मिळते. ऑटोफोकस चालतो, उजेड मोजणारं मीटर चालतं, उघड्या अ‍ॅपर्चरलाही चेहरा लख्ख येतो. जुन्या लेन्सची ‘कॅरॅक्टर’ म्हणून जे विकतात ते म्हणजे त्या काळच्या डिझाइनरला जे टाळता आलं नाही ते. कडा मऊ, कॉन्ट्रास्ट कमी, उजेड समोर आला की फोटो पांढराफटक. तेव्हाचे फोटोग्राफर याच गोष्टींवर वैतागायचे, आणि आपण त्यासाठी पैसे मोजतोय.

नाचणीचं_सत्व :
तिरपागडाजी, निम्मं मान्य. पण उणीव आहे म्हणून ती वापरायची नाही असं कुठंय? सगळेच फोटो पासपोर्टचे नसतात.

मी सेकंडहँड सोनी ए ७ मार्क २ वर हीच हेलिओस वापरते, म्हणून प्रत्यक्ष वापरातलं लिहिते. ४४-२ ला पुढे दोन रिंगा असतात. एकीवर आकडे कोरलेले, ती टकटक करत थांबते. तिच्यावर तुम्ही ठरवायचं की जास्तीत जास्त किती बंद करायचं. दुसरी अजिबात न अडखळता फिरते, तिने प्रत्यक्ष पाती उघडायची-मिटायची. म्हणजे आधी ५.६ ठरवून ठेवा, उघड्यावर फोकस करा, मग न बघता दुसरी रिंग टोकापर्यंत फिरवा आणि क्लिक. आठ पाती एकदम आत येताना समोरून बघायला मजा येते. फोकसची रिंगही बरीच फिरते, त्यामुळे बारीक फोकस हाताला छान समजतो.

कॅमेऱ्यात मात्र काही गोष्टी बदलाव्या लागतात. ‘लेन्स नसताना शटर’ हा पर्याय चालू करायचा, नाहीतर कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही आणि तो क्लिक करायला नकार देतो. बॉडीत स्टॅबिलायझर असेल तर त्याला ५८ मिमी असं हाताने सांगायचं. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, शटर स्पीड तो स्वतः निवडतो. फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव, अ‍ॅपर्चर काहीच येत नाही, ते लक्षात ठेवायची तयारी हवी. आणि फोकस पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधल्या कडा दाखवणाऱ्या, रंगीत रेघांवर एफ २ ला विश्वास ठेवू नका. पापण्या लाल दिसतात आणि फोकस कानावर असतो. चित्र मोठं करून डोळा बघायचा, मगच बटण दाबायचं.

धावणाऱ्या पोरांसाठी हा खेळ नाही, हे खरंच. एका जागी बसलेली आजी, खिडकीतला उजेड, मागे अंगणातलं झाड असेल तर मी ५० मिमीची नवी लेन्स बॅगेतच ठेवते.

काचबिंदू :
नाचणीताईंच्या प्रतिसादात एक मुद्दा दडलाय, तो धागाकर्त्यांसाठी महत्त्वाचा. त्यांचा कॅमेरा फुल फ्रेम आहे, म्हणजे सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा. ती फिरणारी पार्श्वभूमी चित्राच्या मध्यात नसतेच, कडांकडे असते. कडेच्या प्रकाशबिंदूंना लेन्सच्या नळीची कड आडवी येते, त्यामुळे गोल ठिपक्यांचे बदामी आकार होतात आणि ते सगळे मध्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. डी ५६०० चा सेन्सर छोटा, दीडपट क्रॉप. कडा कापल्या की फेरही गेला. उरते एक ८७ मिमीसारखी दिसणारी, बऱ्यापैकी साधी पोर्ट्रेट लेन्स. म्हणजे काचवाला अ‍ॅडॅप्टर अगदी उत्तम निघाला तरी ज्या फोटोंसाठी जीव टाकताय ते येणारच नाहीत.

सांजवारा :
अरेरे! हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. मग निकॉनवर चालणाऱ्या जुन्या लेन्सेस कुठल्या?

काचबिंदू :
निकॉनच्याच. एफ माउंट, म्हणजे निकॉनची लेन्स बसवायची पद्धत, १९५९ पासूनचा. १९७७ ला एआय पद्धत (लेन्सवरचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला कळवणारी) आली, त्यानंतरच्या मॅन्युअल लेन्सेस निकॉनच्या डीएसएलआरवर बिनघोर बसतात. त्याआधीच्या नॉन-एआय लेन्सेस महागड्या बॉडीवर घालू नका, कडीजवळचा छोटा खटका मोडू शकतो. गंमत म्हणजे तुमच्या डी ५६०० ला तो खटकाच नाही, त्यामुळे मोडायला काही नाही. पण त्याच कारणाने मीटरही चालत नाही. एम मोड (सगळं हाताने), अंदाजाने एक फोटो, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, सुधारा. फोकस बरोबर आला की व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका मात्र लागतो. डी ७००० किंवा त्यावरची बॉडी असती तर मीटरही मिळालं असतं.

तळकोकणी_नुस्तं :
बुरशीचा विषय निघाला म्हणून आलो. आमच्याकडे मृग लागला की चपला, पापड, पुस्तकं, लेन्सेस सगळ्यांना सारखाच न्याय.

बुरशी काचेवर नुसती बसत नाही, तिच्यातून सुटणारं आम्ल कोटिंग, म्हणजे काचेवरचा चकाकी कमी करणारा पातळ थर, खातं. लवकर साफ केलं तर काहीच राहत नाही. उशीर झाला तर धागे निघतात पण त्यांचे व्रण कोटिंगवर कायमचे राहतात. कडेला थोडं असेल तर फोटोत फरक पडत नाही, समोरून ऊन आलं तरच जाणवतं.

दोन गोष्टी आजच करा. लेन्स चामड्याच्या केसमधून बाहेर काढा, चामडं ओल धरतं. आणि तिला हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. अगदी कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं. जेल निळ्याचं गुलाबी झालं की गरम करून परत वापरता येतं, पण निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. आमच्या घरात यावरून महाभारत झालंय. नारिंगी जेल मिळतं, ते घ्या.

अर्धा_चहा :
एका लेन्सची बुरशी शेजारच्या लेन्सला लागते म्हणतात, ते खरं का? मी तर बुरशीवाली वेगळ्या खोलीत ठेवतो.

तळकोकणी_नुस्तं :
बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. ओल मिळाली की रुजतात, नाही मिळाली तर शेजारी बसूनही काही करत नाहीत. डबा कोरडा असेल तर सोवळं-ओवळं पाळायची गरज नाही.

काचबिंदू :
इथे थोडा असहमत. साफ न केलेली बुरशीवाली लेन्स मी चांगल्या लेन्सेसच्या डब्यात ठेवत नाही. पावसाळ्यात चार दिवस घराबाहेर गेलो आणि जेल संपलं तर? आधी साफ करावी, मग पंगतीला बसवावी.

शटरतोड्या :
साफ स्वतः करता येते का? यूट्यूबवर दहा मिनिटांत करतात.

काचबिंदू :
हेलिओसची पुढची काच खोलणं सोपं आहे, शिकायला बरी लेन्स. खाचेत बसणारा लेन्स स्पॅनर हवा, कंपासच्या टोकाने प्रयत्न केलात तर काचेवर सही कराल. जपानी लेन्स असेल तर स्क्रूही वेगळे. ते जेआयएस मापाचे असतात, आपला नेहमीचा फुलीचा पेचकस लावला की डोकं घासून गुळगुळीत होतं. आणि फोकसचे आटे वेगळे करायची वेळ आली तर ते कुठे सुटतात तिथे आधी खूण करा. त्या आट्यांना सुरुवातीची अनेक तोंडं असतात. चुकीच्या तोंडात बसवले तर लेन्स फिरते झकास, पण लांबचं फोकस गायब. मी एका दुरुस्तीवाल्याकडे दिलेली लेन्स अशीच परत आली होती, वर तो म्हणाला, ‘साहेब, आधीपासूनच असं होतं.’

पिंपळपान_७ :
बुरशी नसूनही लेन्स चहासारखी पिवळी दिसत असेल तर? माझी पेंटॅक्सची सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ तशी आहे. पांढऱ्या कागदावर धरली की स्पष्ट दिसतं.

काचबिंदू :
सात काचांची आवृत्ती असणार. तिच्यात मागच्या बाजूला थोरियम घातलेली काच आहे. थोरियमने वक्रीभवनांक वाढतो आणि रंग फारसे फाकत नाहीत, म्हणून त्या काळी वापरायचे. पण त्याच्या किरणोत्सारामुळे काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाशाने ती पुन्हा उजळते. खिडकीच्या उन्हात ठेवा किंवा अतिनील एलईडीखाली. उन्हात ठेवाल तर एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावा आणि लक्ष ठेवा. उघडी लेन्स म्हणजे भिंगच, पडदा पेटेल.

अर्धा_चहा :
किरणोत्सार??? अहो मी ही लेन्स काल ओएलएक्सवर बघितली, मुलांच्या खोलीत ठेवणार होतो!

नाचणीचं_सत्व :
पाणी प्या आधी. हातात धरून फोटो काढायला काही होत नाही. उशाखाली घेऊन झोपू नका आणि काच फोडून पूड करू नका, एवढं पुरे. आठ काचांची जी आधीची आवृत्ती आहे तिच्यात थोरियम नाही, पण तिचे भाव ऐकून जास्त धक्का बसेल.

तिरपागडा :
आमच्या पिढीने लग्नाच्या वराती आणि गणपतीच्या मिरवणुका गॅसबत्त्यांच्या उजेडात काढल्या. त्या बत्तीतल्या मॅन्टलच्या जाळीत थोरियमच असायचं, आणि ती जाळी आम्ही पोरं बोटांनी चुरडायचो. लेन्सला घाबरता कशाला.

तळकोकणी_नुस्तं :
म्हणूनच काका अंधारात चमकतात. 😀

पिंपळपान_७ :
मंडळी, धागा हायजॅक करतोय, माफी. जुन्या स्टुडिओंमधून एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवायची यंत्रं) पडून आहेत, त्यांच्या लेन्सेसचा विचार कुणी केलाय का? आमच्या गावातल्या स्टुडिओवाल्यांनी डार्करूम बंद करून तिथे झेरॉक्स मशीन बसवलं. एन्लार्जर भंगारात निघाला होता, मी त्यातली एल-निक्कॉर ५० मिमी एफ २.८ मागून घेतली.

काचबिंदू :
लॉटरी लागली म्हणा. ती लेन्स सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर कोपऱ्यापर्यंत स्पष्ट उतरवण्यासाठी बनवलेली, त्यामुळे जवळच्या फोटोंना फार सुंदर. आटे ३९ मिमीचे. तिच्यात फोकसची सोय नाही, म्हणून मध्ये आखूड-लांब होणारी हेलिकॉइड नळी किंवा बेलोज (भाता) लावावं लागेल. जुन्या निगेटिव्ह डिजिटल करायला घ्या. घरातल्या पेट्या उघडल्या की महिनाभराचं काम निघेल.

पिंपळपान_७ :
तेच डोक्यात आहे. स्टुडिओवाल्या काकांकडे १२० फिल्मच्या निगेटिव्हचे गठ्ठे आहेत, यशिका मॅटवर काढलेले. गावातली निम्मी लग्नं त्यात असतील. ते काका यासाठी वेगळा धागा काढण्याइतके बोलतात.

शटरतोड्या :
काढाच.

अर्धा_चहा :
पुण्याच्या जुन्या बाजारात असं काही मिळतं का? बुधवार-रविवार भरतो तिथे.

तिरपागडा :
मिळतं, पण हल्ली विक्रेत्यांच्याही हातात मोबाइल असतो. ‘रशियन’ म्हटलं की भाव दुप्पट. मुंबईत चोरबाजारात तेच. फोर्टात बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे निदान लेन्स नीट बघू देतात. बघताना टॉर्च मागून मारा आणि तिरपं पाहा. अ‍ॅपर्चरची पाती कोरडी आहेत का, तेलकट असतील तर ती आळसावतात. फोकस रिंग शेवटपर्यंत फिरते का. पुढच्या काचेवरच्या एखाद्या ओरखड्याने काही बिघडत नाही, मागच्या काचेवरचा मात्र नको.

नाचणीचं_सत्व :
बघा, ‘करू नका’ म्हणणाऱ्यांना सगळे पत्ते पाठ आहेत.

तिरपागडा :
अनुभवाशिवाय विरोध करत नसतो मी.

नाचणीचं_सत्व :
😂 आणखी एक, एम ४२ वाल्यांसाठी. सगळ्याच लेन्सेसना ४४-२ सारखी स्वतंत्र रिंग नसते. पुष्कळ ‘ऑटो’ लेन्सेसच्या मागे एक बारीक दांडी असते, ती दाबली गेल्याशिवाय पाती मिटत नाहीत. टाकुमारला ऑटो-मॅन्युअलचा खटका असतो, तो मॅन्युअलवर ठेवला की झालं. पेंटाकॉनच्या काही लेन्सेसना तसा खटका नाही. तिथे आतून पट्टी असलेला, दांडी दाबून धरणारा अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागतो. नाहीतर रिंग १६ वर आणि पाती सताड उघडी. आणि कॅनन एफडी (कॅननच्या जुन्या मॅन्युअल लेन्सेस) वाल्यांनी अ‍ॅडॅप्टरवरची उघडा-बंद लिहिलेली कडी विसरू नये, तिथेही हाच घोळ.

काचबिंदू :
+१. शिवाय लेन्सच्या पुढे सावली धरणारा हुड लावा. पुष्कळ जुन्या लेन्सेसना एकेरी कोटिंग असतं, बाजूचा उजेड सहन होत नाही. स्वस्त अ‍ॅडॅप्टरची आतली बाजूही कधीकधी चकचकीत असते, तिथून उजेड उसळून कॉन्ट्रास्ट जातो. मी आत मॅट काळा रंग मारतो. तिरपागडा ज्याला लेन्सचा दोष म्हणतात त्यातला बराचसा यानेच कमी होतो.

तिरपागडा :
बराचसा नाही, थोडासा. पण हुडचं खरं आहे.

सांजवारा :
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

अपडेट देतो. ऑफिसमधल्या एकाकडे सोनी ए ७ मार्क ३ आहे, त्याच्याकडे एम ४२ ची नळीही निघाली. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर गेलो. भाचीला उभं केलं, मागे पाच-सहा मीटरवर ग्लिरिसिडियाची झाडं आणि पानांतून ऊन. एफ २ ला मागचं सगळं गरगरलं! झाडं फार जवळ आली किंवा फार लांब गेली की फिरणं कमी होतं, हे तिथेच कळलं. मग काचबिंदूंचं तपासायला त्याच कॅमेऱ्यात क्रॉप मोड चालू केला. तीच जागा, तेच झाड, आणि फेर गायब. बुरशी मला तरी कुठल्याच फोटोत दिसली नाही, फक्त सूर्य चौकटीच्या कडेला आला तेव्हा धुरकट पडदा आला. तो बुरशीचा की कोटिंगचा, सांगता येत नाही.

डी ५६०० साठी अ‍ॅडॅप्टर घेत नाही, हे नक्की. लेन्स कोरड्या डब्यात गेली आहे, नारिंगी जेलसकट. किटची ७०-३०० मी फारशी वापरत नाही, ती आणि बॉडी विकून एखादा जुना फुल फ्रेम मिररलेस बसतो का, ते बघतोय.

तिरपागडा :
म्हणजे मामाने फुकट दिलेल्या लेन्ससाठी साठ हजारांचा कॅमेरा.

तळकोकणी_नुस्तं :
मामाला बिल पाठवा.

काचबिंदू :
घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. नळ्या मुद्दाम किंचित आखूड बनवतात, म्हणजे इन्फिनिटी (अगदी लांबचं फोकस) नक्की मिळावी. त्यामुळे रिंग टोकाला नेली की फोकस इन्फिनिटीच्याही पलीकडे जातं. चांदण्यांचे किंवा डोंगररांगांचे फोटो काढताना रिंग टोकाला नेऊन सोडू नका, मोठं करून बघा.

सांजवारा :
हे टेकडीवरच झालं! समोरच्या इमारती टोकाला मऊ येत होत्या, मला वाटलं लेन्सच तशी.

शटरतोड्या :
आता माझा प्रश्न. घरी यशिका इलेक्ट्रो ३५ आहे, ४५ मिमी एफ १.७. तिची लेन्स सोनीला लागेल का?

काचबिंदू :
ती निघत नाही. शटर लेन्सच्याच आत आहे, बाहेर काढायची तर कॅमेरा कापावा लागेल. बॅटरी आधी बघ, ५.६ व्होल्टची जुनी पाऱ्याची आता मिळत नाही, पण सहा व्होल्टची अल्कलाइन आणि एक छोटा अ‍ॅडॅप्टर घालून ती चालते. मीटर हललं तर सरळ फिल्म भर.

शटरतोड्या :
म्हणजे अ‍ॅडॅप्टर सुटत नाहीच. फिल्म हल्ली कितीला मिळते?

तिरपागडा :
बसून विचार.